मेंढी बरी आहे हे ओळखायला शिकताना

मेंढी आपलं दुखणं सहसा दाखवत नाही. शिकार होणाऱ्या प्राण्याला ते परवडतच नाही. कळपात जी लंगडते, जी मागे पडते, तिच्यावरच लांडग्याची पहिली नजर जाते. म्हणून खुरात पू झाला तरी ती इतरांबरोबर चालत राहते, चाऱ्याला तोंड लावते आणि माणूस जवळ आला की अंग सावरून उभी राहते. मेंढ्यांच्या कल्याणाची तपासणी शिकायला मी सुरुवात केली तेव्हा पहिली अडचण हीच आली. जे बघायचं, तेच आपण जवळ गेलो की लपतं.

काम असं होतं: वेगवेगळ्या पद्धतींनी पाळलेले तीन कळप निरनिराळ्या ऋतूंत बघायचे, तिन्हींना एकच तक्ता लावायचा आणि जे दिसलं ते पाळणाऱ्यांना समोर बसून सांगायचं. पहिला कळप चाऱ्यामागे जागा बदलत दिवसभर माळावर चरणारा. दुसरा काही तास चरून गोठ्यात परतणारा, म्हणजे अर्धबंदिस्त. तिसरा पूर्ण बंदिस्त. तिथे उंचावर फटी ठेवून बसवलेल्या फळ्यांची जमीन होती, गव्हाणीत कापलेली वैरण आणि वेळेवर मोजून खुराक.

या पद्धतींबद्दल ठाम मतं असलेली माणसं मला आधीच भरपूर भेटली होती. काहींच्या मते मोकळ्या रानातली मेंढीच काय ती सुखी, गोठ्यातली म्हणजे तुरुंगात. काहींच्या मते उन्हापावसात फिरवणं हाच छळ, बंदिस्त तेवढं शास्त्रीय. दोन्हींकडचं कुणीच मेंढीच्या पाठीवर हात ठेवून बोलत नव्हतं.

मोजायचं काय, यावर मात्र बराच विचार झालेला आहे. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीने म्हटलं होतं की पाळीव जनावराला निदान उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि पाय ताणता आले पाहिजेत. १९७९ मध्ये तिथल्याच फार्म ॲनिमल वेल्फेअर कौन्सिलने पाच स्वातंत्र्यं मांडली: भूक-तहान, गैरसोय, वेदना-इजा-आजार, भीती-ताण या चारांपासून सुटका आणि स्वाभाविक वागण्याची मोकळीक. पुढे न्यूझीलंडच्या डेव्हिड मेलर यांनी आहार, परिसर, आरोग्य आणि वागणूक या चारांचा जनावराच्या मनावर शेवटी काय परिणाम होतो, हे पाचवं क्षेत्र धरून मांडणी केली. खास मेंढ्यांसाठीची तपासणीपद्धत २०१५ मध्ये युरोपातल्या ‘अविन’ प्रकल्पातून आली आणि आमचा तक्ता तिच्यावरूनच बेतलेला होता. या पद्धतीतली एक गोष्ट मला मनापासून पटते. गोठ्याची लांबी-रुंदी, गव्हाणीची उंची हे सगळं बघायचं, पण आधी जनावर स्वतः काय सांगतं ते बघायचं.

माझ्या मार्गदर्शक मॅडम पशुवैद्यक. त्यांचा नियम होता, आधी बसायचं, हात नंतर लावायचा. कळपापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, हालचाल न करता. मेंढीच्या आडव्या बाहुलीला आजूबाजूचं जवळजवळ सगळं दिसतं, नेमकं पाठीमागचं तेवढं सुटतं. त्यामुळे आपण तिला पाहण्याआधी तिने आपल्याला पाहिलेलं असतं. थोडा वेळ सगळ्या माना वर राहतात. मग एकेक मान खाली जाते आणि तिथून खरी तपासणी सुरू होते. किती जणी बसून रवंथ करताहेत, कोण कळपापासून सुटून उभी आहे, कोण पुढचे गुडघे टेकून चरते (खुरं दुखत असल्याची ही हमखास खूण), कोणाची बरगडी भराभर हलते. दुपारच्या उन्हात आम्ही घड्याळ लावून श्वास मोजायचो. आरामात असलेल्या मेंढीचे श्वास मिनिटाला चाळिसाच्या आत असतात. ऐंशीच्या वर गेले की उष्णतेचा ताण जास्त आहे असं धरायचं.

त्याच बैठकीत कळपाची एकूण वृत्तीही नोंदवायची असते: निवांत, सावध, घाबरलेली, मरगळलेली, उत्सुक. फ्रान्स्वाज वेमेल्सफेल्डर या शास्त्रज्ञ बाईंनी ही रीत रुजवली. ऐकायला ती अंदाजपंचे वाटते. पण शिकलेली दोन माणसं वेगवेगळी बसून लिहितात तेव्हा त्यांच्या नोंदी बऱ्यापैकी जुळतात, हे मी मॅडमच्या आणि माझ्या कागदांवरच पाहिलं.

चरत्या कळपाची वृत्ती आम्ही सगळ्यात चांगली लिहिली. मेंढ्या निवडून खात होत्या. एका झुडपाची कोवळी टोकं, मग गवत, मग वाळलेल्या शेंगा, परत झुडूप. ऊन चढलं की आपणहून सावलीला जात होत्या. खुरं चालून चालून नीट झिजलेली, खोकला जवळजवळ नाहीच. आया आणि कोकरं एकमेकांच्या हाकेवर. कळप हाकणाऱ्या आजोबांना प्रत्येक मेंढी चेहऱ्यावरून ओळखता यायची. एका मेंढीकडे बोट करून ते म्हणाले, “पोरी, हिचं काल रात्रीपासून बिनसलंय. कान बघ.” मला कानात काही दिसलं नाही. मॅडमनी ताप घेतला, तो होता.

ओळख त्यांच्या बाजूनेही असते, हे आता प्रयोगांतून ठाऊक आहे. कीथ केंड्रिक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की मेंढ्या दुसऱ्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवतात. कळप फोडून विकणं, गट पुन्हा पुन्हा बदलणं हे त्यांना जाणवत नाही असं त्यानंतर म्हणता येत नाही.

मग आम्ही हात लावला. शेवटच्या बरगडीमागे, कमरेच्या मणक्यांवर चार बोटं ठेवायची आणि अंगठ्याने कडेची हाडं दाबून बघायची. लोकर फार फसवते. लांबून गुबगुबीत दिसणारी मेंढी बोटांखाली नुसती हाडं निघते. या तपासणीला १ ते ५ गुण असतात. १ म्हणजे मणक्यांची टोकं टोचतात आणि हाडांखाली बोटं सहज शिरतात, ५ म्हणजे चरबीत हाड सापडतच नाही. गाभण मेंढी ३ च्या आसपास असावी. चारा आटल्याच्या काळात या कळपात दीड-दोनच्या कितीतरी मेंढ्या निघाल्या आणि त्यातल्या काही गाभण होत्या. मेंढीचा गाभणकाळ साधारण पाच महिन्यांचा आणि पोटातल्या पिल्लाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. नेमक्या त्या आठवड्यांत ती उपाशीपोटी मैलोन् मैल चालत असेल, तर पिल्लू लहान, दूध उशिरा, आणि जुळं असेल तर तिच्या स्वतःच्याच जिवावर बेतू शकतं. मोकळ्या रानातल्या मेंढीचं ते सुंदर वागणं आणि बोटांखालची ती हाडं, दोन्ही एकाच कागदावर लिहायची होती. मला ते जड गेलं.

वितानाही तसंच. रानात मेंढी स्वतः जागा निवडते, कळपापासून थोडी बाजूला जाते, ओलं पिल्लू चाटते, आणि पहिल्या एक-दोन तासांत दोघांची वासावरून ओळख पक्की होते. तिला तिथेच काही तास राहू दिलं तर माया घट्ट बसते. पण कळपाला पुढच्या पाण्यावर पोचायचं असेल तर थांबायला कुणाला वेळ नसतो. नुकत्या जन्मलेल्या कोकराला पहिल्या काही तासांत वजनाच्या किलोमागे साधारण ५० मिली चीक पोटात जावा लागतो. चार किलोच्या पिल्लाला दोनशे मिली. तो मिळाला नाही तर आधी थंडी आणि मग जंतुसंसर्ग त्याला गाठतो. अनेक देशांतल्या अभ्यासांत कोकरांची मरतूक १५ ते २० टक्क्यांच्या घरात येते आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन दिवसांतच होते. हा आकडा कुठल्या एका पद्धतीपुरता नाही, पण रानात कोकरू गेल्याचं कित्येकदा दुसऱ्या दिवशी कळतं.

बंदिस्त गोठ्यात चित्र उलटं होतं. कमरेला हात लावला तर सगळ्या तीन, साडेतीन. पाणी कायम स्वच्छ. पापण्या उलटून बघितल्या तर आतली कातडी लालचुटूक. पापणीची ही तपासणी ‘फामाचा’ तक्त्याने करतात, जो दक्षिण आफ्रिकेत तयार झाला. रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस जंतामुळे रक्त कमी झालं की पापणीच्या आतला रंग लालवरून गुलाबी, मग पांढराफटक होत जातो, आणि पाच रंगांच्या पट्टीशी तो ताडून बघायचा. इथे लेंड्या फटींतून खाली पडत होत्या, खाण्यात मिसळत नव्हत्या, त्यामुळे जंतांचं चक्रच तुटलं होतं. व्यायला आलेल्या मेंढीला वेगळा कप्पा, नाळेला आयोडीन, सडाचं तोंड मोकळं करून चीक पाजणं, सगळं जागच्या जागी. तिथला तरुण मालक रात्री उठून बघायचा. त्याच्या वाचलेल्या कोकरांचं श्रेय त्यालाच द्यायला हवं.

पण मॅडम तिथे गुडघ्यांवर बसल्या आणि मलाही बसवलं. उभं असताना हवा ठीक वाटत होती. कोकराच्या नाकाच्या उंचीवर गेल्यावर डोळे चुरचुरायला लागले. फळ्यांखाली साठलेल्या मुताचा अमोनिया वर येत होता आणि कोकरं दिवसरात्र त्यातच श्वास घेत होती. खोकला आणि वाहणारी नाकं आम्ही आधीच नोंदवली होती, कारण इथे कळलं. गोठा तपासायचा तर जनावराच्या उंचीवरून तपासावा, हे मी तेव्हापासून प्रत्येक गोठ्यात करते.

दुसरी गोष्ट लोकरीची. बऱ्याच मेंढ्यांच्या पाठीवर लोकर विरळ, उपटल्यासारखी. मला आधी खरूज वाटली. थोडा वेळ बसून बघितलं तर एक मेंढी दुसरीच्या पाठीवरून लोकर ओढून चघळत होती, आणि तिसरी तिच्या पाठीवरून. रानात मेंढीचे दिवसाचे आठ तास आणि त्याहून जास्त चरण्यात जातात. तोंड, जीभ, नाक सगळं कामात असतं. गव्हाणीतला खुराक थोड्याच वेळात संपतो, मग उरलेला दिवस रिकामा. दाटी आणि भरड वैरणीची कमतरता असली की लोकर चावणं वाढतं. मेंढीला कंटाळा येतो का, असं मला अनेकांनी हसत विचारलंय. मी त्यांना त्या पाठी दाखवते.

बंदिस्तमधली बाकीची दुखणी जवळजवळ सगळी खुराकाच्या गोणीतून येतात. धान्य एकदम वाढवलं की पोटात आम्लता, आणि त्याच्याच पाठोपाठ आंत्रविषार, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणारा आजार. आंत्रविषार तर बहुतेक वेळा सगळ्यात धट्टीकट्टी, खादाड कोकरं उचलतो. नर कोकरांना मूतखडा. गाईचा खुराक मेंढीला घातला तर त्यातलं तांबं यकृतात साठत जातं आणि एक दिवस अचानक कावीळ होऊन मेंढी जाते. तांबं सोसण्याच्या बाबतीत मेंढी फार नाजूक. चालणं नसल्यामुळे खुरंही वाढून पुढे वळलेली होती. शिवाय माणसाची भीती. रोज चारा टाकणारा माणूस आला तरी कळप कोपऱ्यात दाटत होता, कारण त्यांच्या अंगाला हात लागायचा तो फक्त सुई टोचायला किंवा पकडायला.

अर्धबंदिस्त कळपाकडून मला, खरं सांगायचं तर, सगळ्यात जास्त अपेक्षा होती. दोन्हींचं चांगलं तेवढं एकत्र येईल असं सगळेच म्हणतात. जंतांचं ओझं मात्र सगळ्यात जास्त इथेच निघालं. पापण्या फिकट, काहींच्या जबड्याखाली पाणी साठून पिशवी लोंबलेली. कारण साधं होतं. गोठ्याजवळचा तोच तुकडा रोज चरला जात होता. हिमॉन्कसची एकेक मादी दिवसाला हजारो अंडी घालते, लेंड्यांतून ती गवतावर येतात, ओलाव्यात अळ्या होतात आणि गवताच्या बुडख्याशी थांबतात. गवत जितकं आखूड, तितक्या अळ्या तोंडात. चरता कळप पुढे निघून गेल्यामुळे या चक्रातून आपोआप सुटत होता, आणि बंदिस्त कळप गवतच नसल्यामुळे. मधला कळप मात्र आपल्याच लेंड्यांवर रोज परतत होता.

त्याच गोठ्याच्या दारात चिखल होता आणि तिथेच लंगड्या मेंढ्या सर्वांत जास्त होत्या. एकीला बसवून मी खूर उघडलं. दोन नख्यांच्या मधली कातडी पांढरी, ओलसर. खुराचं कठीण कवच आतल्या बाजूने सुटत आलेलं. आणि तो वास, जो एकदा आला की पुन्हा चुकत नाही. खूर सडवणारे जंतू चिखलातून एकीचे दुसरीला लागतात. तिथला माणूस चाकू घेऊन सडलेला भाग रक्त येईस्तोवर कापत होता, आणि ते तो मेंढीच्या भल्यासाठीच करत होता. आता अभ्यासांवरून स्पष्ट झालंय की असं खरडल्याने खूर भरून यायला उलट जास्त वेळ लागतो. लंगडताना दिसली की लगेच पशुवैद्यकाकडून प्रतिजैविक, मेंढी वेगळी आणि कोरड्यात, याने ती लवकर बरी होते. मॅडमनी चाकू त्याच्या हातातून काढून घेतला नाही. पुढच्या लंगड्या मेंढीवर दुसरा उपाय त्याच्याच हाताने करून घेतला.

त्या मेंढीच्या चेहऱ्यावरच मी वेदना वाचायला शिकले. डोळे अर्धे मिटल्यासारखे आवळलेले, गाल ताठ, कान मागे वळून खाली आलेले, नाकपुड्या निमुळत्या होऊन इंग्रजी ‘व्ही’सारख्या झालेल्या. २०१६ मध्ये क्रिस्टा मॅकलेनन आणि सहकाऱ्यांनी मेंढीच्या वेदनेची जी चेहरापट्टी प्रसिद्ध केली, तिच्यात हेच भाग मोजतात. आजोबांनी ज्या कानाकडे बोट केलं होतं ते मला तेव्हा उमगलं. त्यांनी कुठलीही पट्टी पाहिलेली नव्हती.

शेपटी छाटणं, खच्चीकरण यांसारख्या गोष्टी कुठल्या एका पद्धतीला चिकटलेल्या नाहीत. त्या जाती, हवामान आणि सवयीवर ठरतात. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या माळरानांवर माशीच्या अळ्या पडू नयेत म्हणून कोकरांच्या शेपटीभोवतीची कातडी कापून काढण्याची रीत आहे, तिला म्युलसिंग म्हणतात. न्यूझीलंडने ती २०१८ पासून बंद केली. ऑस्ट्रेलियातल्या त्या कोकरांनाही उघडं आभाळ आणि मोकळा माळ मिळालेलाच असतो. मोकळेपणा म्हणजेच सुख असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

तिन्ही कळपांचे कागद शेजारी ठेवले तेव्हा माझं मत तयार झालं आणि ते अजून तसंच आहे. पद्धत बदलली की दुखणं बदलतं. रानात ते भूक, तहान, ऊन आणि उशिरा कळणं या रूपात येतं. गोठ्यात हवा, खुराक, रिकामपण आणि भीती या रूपात. कुठल्याही पद्धतीत प्रत्येक मेंढीकडे रोज कुणीतरी जाणत्या नजरेने बघतं का, यावर फार काही ठरतं. आणि जिथे माणसांमागे मेंढ्या भरमसाट होतात तिथे ती नजर उरत नाही, मग गोठा असो की माळ. निवड करायचीच झाली तर मी चरणाऱ्या पद्धतीच्या बाजूने उभी राहीन, पण विण्याच्या काळात आडोसा, शेवटच्या सहा आठवड्यांत पुरवणी खुराक आणि गवताला विश्रांती देणारी आलटून-पालटून चराई, या तीन गोष्टी असतील तरच. कायमचं बंदिस्त ठेवणं, कितीही स्वच्छ असलं तरी, मला मान्य नाही. निवडून खाणं, चालणं, ऊन-सावली आपली आपण ठरवणं हे त्या जनावराचं जगणंच आहे. वजन वाढलं म्हणून ते भरून निघत नाही.

हे सगळं पाळणाऱ्यांना सांगायचं होतं आणि माझ्या मते तीच खरी परीक्षा होती. आजोबांनी गाभण मेंढ्या मागे ठेवून त्यांना कमी चालवायचं कबूल केलं, पण पुरवणी खुराकाचा खर्च कुठून आणायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्धबंदिस्तवाल्यांनी दारात मुरूम टाकला आणि चराईचे तुकडे पाडले. जंतांचं औषध सरसकट सगळ्यांना देण्याऐवजी फिकट पापणीच्या मेंढ्यांनाच द्यायला लागले, म्हणजे औषधाला न जुमानणारे जंत तयार होण्याचा वेग तरी कमी राहील.

बंदिस्त गोठ्याच्या मालकाला आधी आमचं बोलणं लागलं. त्याने एवढी मेहनत केली होती आणि आम्ही त्याला उपटलेल्या पाठी दाखवत होतो. नंतर त्याने फळ्यांखालचं खत लवकर लवकर काढायला घेतलं, गव्हाणीत दिवसभर भरड वैरण ठेवली, रिकाम्या हाताने कळपात जाऊन नुसतं बसायची सवय केली आणि मागची गवताची जागा कुंपण घालून रोज काही तास उघडी केली. पाठीवरची लोकर भरत आली आहे. मेंढ्या त्याला बघून कोपऱ्यात दाटत नाहीत. आता त्या गवतामुळे लेंड्यांत जंतांची अंडी पहिल्यांदाच दिसली आहेत. म्हणून पुढच्या खेपेला पापण्या तपासायला मी फामाचाची पट्टी घेऊन जाणार आहे, आणि ती वापरायची कशी हे त्यालाच शिकवणार आहे.